वडिलांना सुमो दाखवण्यासाठी जपानला जायचे आहे : कोणता बाशो (स्पर्धा) निवडावा, कोठे बसावे?

गंगावेसकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील कोल्हापूरच्या तालमीत घडलेले मल्ल आहेत. कुस्ती सोडून त्यांना बरीच वर्षे झाली, वय आता सत्तरीच्या पुढे गेले आहे, तरी खासबागेत मैदान असले की ते दुपारपासूनच हौद्यालगतची जागा धरून बसतात. मागे माझ्या मुलाने घरी एनएचके वर्ल्डवरचा सुमोचा संक्षिप्त कार्यक्रम लावला आणि तेव्हापासून आबांना या खेळाने जे धरले आहे ते आजतागायत सोडलेले नाही. वर्षातल्या सहाही स्पर्धांचे पंधराही दिवस ते पाहतात. कोण आठ विजयांपर्यंत पोहोचला, कोण सातवर अडकला आणि पुढच्या क्रमवारीत कोणाची घसरण होणार, याची चर्चा आमच्या घरी आता जेवणाच्या ताटावर होते.

त्यांचा आवडता मल्ल म्हणजे उरा. समोरच्याच्या बगलेखालून निसटून, खाली वाकून, पायाशी झटून तो आपल्याहून कितीतरी जड मल्लाला खाली घालतो, तेव्हा आबा उठून उभे राहतात. सुमोत वजनगट नाहीत ही गोष्ट त्यांना विशेष भावते. जपानी मल्लांविषयी त्यांच्या पिढीला आदर आहे, त्याचे मूळही जुने आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्या वजनगटात खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, त्याच गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांनी जिंकले होते, आणि हे नाव आबांना आजही तोंडपाठ आहे.

आता त्यांना एकदा जपानला नेऊन हा खेळ प्रत्यक्ष दाखवायचा असे आम्ही ठरवले आहे. सोबत आई असेल. ती माळकरी आहे, त्यामुळे तिच्या जेवणाची काळजी आहे. आबांचे गुडघे दुखतात आणि मांडी घालून फार वेळ बसणे त्यांना जमत नाही. सहा स्पर्धांपैकी कोणती निवडावी? तिकिटे कशी मिळतात, जमिनीवरची बैठक घ्यावी की खुर्ची? एक दिवस पुरेल की अधिक दिवस राहावे? मल्लांचा सकाळचा सराव बाहेरच्या माणसाला पाहता येतो का? जपानमध्ये राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सुमिदाकाठ यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी अनेक वर्षे तोक्योत राहतो आहे आणि आपल्याकडून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर र्‍योगोकूच्या कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात वारंवार जाणे होते. बहुतेक पाहुणे चेरीचा बहर, फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन यांच्या जोडीला सुमोचा एक तास मागतात. केवळ या खेळासाठी एवढा प्रवास करणारे कुटुंब क्वचितच भेटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रमुख स्पर्धा सहा असतात : जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये तोक्यो, मार्चमध्ये ओसाका, जुलैमध्ये नागोया आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओका. प्रत्येक स्पर्धा साधारणतः महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन पंधरा दिवस चालते. आई-वडिलांचे वय लक्षात घेता मी मे महिना सुचवेन. जानेवारीत थंडी बोचते, जुलैतला नागोयाचा उकाडा दमट आणि थकवणारा असतो. मेमध्ये हवा सुखद असते आणि एप्रिलअखेरच्या लागोपाठच्या सुट्ट्यांची गर्दीही तोवर ओसरलेली असते. शिवाय तोक्योतले कोकुगिकान हे सुमोचे स्वतःचे घर आहे. आजची इमारत १९८५ सालची आहे, सुमारे अकरा हजार माणसे तीत बसतात, आणि अकिहाबारा स्थानकावरून सोबू मार्गाच्या पिवळ्या पट्ट्याच्या गाडीने दुसरेच स्थानक र्‍योगोकू येते. पश्चिमेकडच्या दाराने बाहेर पडलात की मल्लांच्या नावांची रंगीत निशाणे फडकताना दिसतात आणि उंच मचाणावरून ढोलाचा आवाज ऐकू येतो.

बैठकीविषयी माझे मत स्पष्ट आहे : आबांसाठी वरच्या मजल्यावरची खुर्ची घ्या. खालच्या मजल्यावर लोखंडी दांड्यांनी आखलेले चौकोन असतात. बूट काढून, गादीवर बसून चौघांनी एका चौकोनात मावायचे असते, आणि तो चौकोन चार धडधाकट तरुणांनाही अपुरा पडतो. दुखऱ्या गुडघ्यांनी तेथे दिवसभर बसणे शक्य नाही. रिंगणाला अगदी लागून असलेल्या जागा पाहून मोह होईल, कारण ती आपली हौद्याकाठची जागा. परंतु तेथेही जमिनीवरच बसावे लागते, खाण्यापिण्याला आणि छायाचित्रांना मनाई असते, आणि दीडशे किलोचा मल्ल अंगावर येऊन कोसळण्याची शक्यता खरीखुरी असते. वरून मात्र दोह्यो, म्हणजे मातीचे रिंगण, पूर्ण दिसते. साडेचार मीटरहून किंचित अधिक व्यासाच्या त्या वर्तुळात कोणाचा पाय कोठे पडला, कोण कोणाला कडेकडे नेतो आहे, हे ज्याला कुस्ती कळते त्याला वरून अधिक चांगले वाचता येते. शक्य झाल्यास ‘शोमेन’ बाजूची खुर्ची मिळवा. योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल, रिंगणप्रवेशाचा विधी करताना त्या बाजूला तोंड करतो. विरुद्ध बाजूला बसलेल्यांना त्याची पाठ दिसते.

तिकिटे स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात. जपानच्या सुमो संघटनेच्या अधिकृत तिकीट-संकेतस्थळाची इंग्रजी आवृत्ती आहे आणि तेथूनच घ्यावीत. अलीकडे जवळजवळ प्रत्येक दिवस ‘भरगच्च’ जाहीर होतो, तेव्हा विक्री उघडण्याच्या घटकेला संगणकासमोर बसणे आवश्यक आहे. जपानच्या वेळेतून साडेतीन तास वजा करायला विसरू नये. सर्वांत स्वस्त खुर्ची काही हजार येनला मिळते, चौकोनातली जागा माणशी त्याच्या कितीतरी पट पडते. शनिवार-रविवार आणि शेवटचे दोन-तीन दिवस सोडून आठवड्याच्या मधले दिवस मागितलेत तर संधी बरी असते. कोणी तिऱ्हाईत माणूस चढ्या दराने तिकीट देऊ लागला तर घेऊ नका. जून २०१९ पासून जपानमध्ये असा काळाबाजार कायद्याने गुन्हा आहे आणि प्रवेशद्वारावर अडचण येऊ शकते. तिकीट मिळाले नाही तर मार्गदर्शकासह जागा देणाऱ्या नोंदणीकृत प्रवास-संस्था आहेत. त्या महाग पडतात, पण रास्त मार्गाने देतात.

आता या उत्तरातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तिकीट संपूर्ण दिवसाचे असते आणि परदेशी प्रेक्षकांपैकी फार थोडे लोक ते पूर्ण वापरतात. बहुतेक जण दुपारी साडेतीनला येतात, वरच्या श्रेणीच्या लढती पाहतात आणि सहा वाजता निघून जातात. आपण आबांना सकाळीच घेऊन या. पहिल्या लढती साडेआठच्या सुमारास सुरू होतात (स्पर्धेच्या शेवटच्या दिवसांत थोड्या उशिरा). सभागृह तेव्हा जवळजवळ रिकामे असते. नावे पुकारणारा योबिदाशी पंखा उघडून आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला तोंड करतो, आणि सूर लांबवत मल्लाचे नाव घेतो. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा वर चढतो. केस अजून शेंडी बांधण्याइतके वाढलेले नसतात, कमरेला जाड काळी सुती मावाशी, म्हणजे मल्लाचा लंगोट, असते. पंचही नवशिका असतो, अनवाणी, झग्याचा घोळ गुडघ्यापर्यंत खोचलेला. मीठ उधळणे नाही, वेळ काढणे नाही. दोघे हात टेकवतात आणि कपाळाला कपाळ भिडल्याचा आवाज वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. संध्याकाळच्या गर्दीत तो आवाज टाळ्यांखाली दबून जातो.

या पोरांना पगार नसतो, केवळ भत्ता मिळतो. स्पर्धेत वरच्या दोन श्रेणींतले मल्ल पंधरा लढती लढतात, तर या खालच्या श्रेणींतल्यांना सातच मिळतात. त्यांपैकी चार जिंकल्या तर वर, चार हरल्या तर खाली. पगार सुरू होतो तो ज्यूर्‍यो या दुसऱ्या श्रेणीपासून. ज्यूर्‍योत २८ आणि सर्वोच्च माकुउची श्रेणीत ४२ एवढ्याच जागा आहेत. सुमारे सहाशे मल्लांपैकी सत्तरांनाच पगार, रेशमी मावाशी आणि जिंगकोच्या पानासारखी केशरचना मिळते. बाकीचे तालमीतली झाडलोट, स्वयंपाक आणि वरच्यांची सेवा करून झगडत राहतात. ज्यांनी स्वतः पहाटे उठून हौदा खणला आहे, अशा आपल्या वडिलांना ही उतरंड कोणी समजावून सांगावी लागणार नाही. सकाळी नऊला ज्या पोरासाठी कोणी टाळी वाजवत नाही, त्याच्यापासून संध्याकाळी सहाला योकोझुनाच्या लढतीपर्यंत एकाच दिवसात ही सगळी शिडी डोळ्यांसमोरून जाते. दूरचित्रवाणीवर तिचा केवळ वरचा पाव हिस्सा दिसतो.

दुपारी कंटाळा येणार नाही. इमारतीतच लहानसे सुमो संग्रहालय आहे, स्पर्धेच्या काळात तिकीटधारकांना ते पाहता येते. तळघरात भाजलेल्या कोंबडीच्या काड्या तयार होतात, त्या येथे प्रसिद्ध आहेत. कोंबडी दोन पायांवर उभी असते, तिचे ‘हात’ जमिनीला टेकत नाहीत, म्हणून मल्लांच्या जगात ती शुभ मानली जाते. आईंसाठी मात्र इमारतीत काही मिळेल असे धरून चालू नका. मल्लांचे प्रसिद्ध चांको म्हणजे मासे, कोंबडी, भाज्या घातलेले पातेलेभर कालवण, आणि भाज्यांचे दिसणारे सूपदेखील बहुधा वाळवलेल्या माशाच्या पाण्यात केलेले असते. दशम्या, थालीपीठ, मेतकूट-भात असे काही खोलीवरून बांधून न्यावे. तोक्योत भारतीय शाकाहारी खानावळी पुष्कळ आहेत, त्यामुळे रात्रीची चिंता नाही.

सुमारे अडीच वाजता ज्यूर्‍यो, पावणेचारच्या आसपास माकुउचीच्या मल्लांचा रंगीत झालरी बांधून रिंगणप्रवेश, त्यानंतर योकोझुनाचा विधी, आणि सहाच्या सुमारास अखेरची लढत असा क्रम असतो. महत्त्वाच्या लढतीपूर्वी बक्षिसाची निशाणे रिंगणाभोवती फिरवली जातात; एका निशाणामागे प्रायोजकाने ७०,००० येन भरलेले असतात आणि त्यातला मल्लाचा वाटा पाकिटात घालून पंच आपल्या पंख्यावर पुढे धरतो. मैदानात इनाम पुकारले जाताना पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही.

एक दिवस पुरेल का, असे आपण विचारले आहे. पुरणार नाही. सुमोची गोडी पंधरा दिवसांच्या चढत्या हिशेबात आहे. कोणती जोड लागणार हे आदल्या दिवशी ठरते, तेव्हा तिकीट घेताना कोणाची लढत दिसेल हे कळत नाही. पण लागोपाठचे दोन-तीन दिवस पाहिले तर कालच्या पराभवाचा परिणाम आजच्या चालीत दिसू लागतो.

मृण्मयी_ओसाका यांचे उत्तर

सुमिदाकाठ यांच्या उत्तराशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, मात्र उरा हा आबांचा आवडता मल्ल असेल तर मार्चमधील ओसाकाच्या स्पर्धेचा विचार अवश्य करावा. उरा ओसाका प्रांतातल्या नेयागावाचा. तेथे त्याचे नाव पुकारले जाते तेव्हा सभागृहात जो गजर उठतो तो तोक्योत ऐकू येत नाही. सभागृह नांबा या गजबजलेल्या भागात आहे, कोकुगिकानपेक्षा लहान आहे, आणि मल्ल येता-जाता अधिक जवळून दिसतात. मार्चच्या शेवटी चेरीचा बहर सुरू होतो आणि राहण्याच्या जागा महागतात, हा तोटा आहे.

एक गोष्ट मात्र या चर्चेत यायला हवी, कारण आपल्याबरोबर आपल्या आईही येणार आहेत. दोह्योवर स्त्रीला पाऊल ठेवता येत नाही. २००० ते २००८ या काळात ओसाकाच्या राज्यपाल असलेल्या फुसाए ओता यांनी विजेत्याला पारितोषिक देण्यासाठी रिंगणावर येऊ द्यावे अशी मागणी केली होती. संघटनेने ती मान्य केली नाही. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू येथील दौऱ्यात भाषण करताना तेथील महापौर रिंगणावर कोसळले, प्रेक्षकांतल्या काही स्त्रिया धावून वर गेल्या आणि त्यांनी छातीवर दाब देऊन प्रथमोपचार सुरू केले, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून स्त्रियांना खाली उतरण्याची सूचना पुन्हा पुन्हा देण्यात आली. संघटनेच्या अध्यक्षांनी नंतर माफी मागितली. नियम तसाच राहिला.

मी सुमो मनापासून पाहते आणि पाहत राहीन. प्रेक्षकांत आज स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि हौशी पातळीवर स्त्रियांच्या जागतिक सुमो स्पर्धा २००१ पासून होत आहेत. तरीही हा नियम जायला हवा असे माझे ठाम मत आहे, आणि ते परक्याच्या घरात नाक खुपसणे आहे असे मला वाटत नाही. कारण आपल्याकडेही तांबड्या मातीच्या हौद्यात बाईने उतरू नये असेच पिढ्यानपिढ्या मानले जात होते. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, तेव्हा कुस्तीचे पावित्र्य कोठेही उणे झाले नाही. आपण खेळावर प्रेम करतो म्हणून त्यातले खुपणारे बोलायचे नाही, असे नसावे. २०११ मध्ये लढती आधीच ठरवून लढल्याचे उघडकीस आल्यावर ओसाकाची मार्चची स्पर्धा रद्द करावी लागली होती. ज्यांचा सुमोवर जीव आहे त्यांनीच तेव्हा सर्वांत कडक शब्दांत जाब विचारला होता.

प्रवासाच्या नियोजनापुरते सांगायचे तर, सभागृहात स्त्री-पुरुष प्रेक्षकांमध्ये कोणताही भेद नाही. आईंना निःशंकपणे घेऊन जा.

टेम्सतीर यांचे उत्तर

मी लंडनमध्ये राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पाच दिवसांचा सुमोचा कार्यक्रम झाला. असाच कार्यक्रम तेथे यापूर्वी १९९१ मध्ये झाला होता. दोन्ही योकोझुना, होशोर्‍यू आणि ओनोसातो, त्यात होते. युरोपातल्या मराठी वाचकांपैकी कोणाला जपानचा खर्च परवडणार नसेल तर अशा दौऱ्यांवर लक्ष ठेवावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

परंतु गंगावेसकरांना माझा सल्ला जपानचाच आहे. लंडनमध्ये मल्ल मनापासून लढले, विधी सगळे झाले, तरी तेथल्या निकालाचा क्रमवारीवर काही परिणाम होत नव्हता. खऱ्या बाशोत सात विजय आणि सात पराभव घेऊन शेवटच्या दिवशी रिंगणात उतरणाऱ्या मल्लाच्या चेहऱ्यावर जे असते, ते प्रदर्शनात येऊ शकत नाही. जपानमध्येही एप्रिल, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये गावोगावी दौरे निघतात. त्यांत सराव खुल्या रिंगणावर होतो, मल्ल लहान मुलांशी खेळतात, वातावरण मोकळे असते. केवळ सराव जवळून पाहायचा असेल तर ते उत्तम, पण आबांसारख्या जाणत्या प्रेक्षकाने निकाली स्पर्धाच पाहावी.

गंगावेसकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही उत्तरे मी आबांना वाचून दाखवली. उरासाठी ओसाका की खेळाच्या घरासाठी तोक्यो, असा पेच पडला होता; सकाळच्या लढतींविषयी ऐकल्यावर त्यांनी मेमधील तोक्यो निश्चित केले आणि ‘पोरं जिथून सुरू करतात तिथून बघू’ असे म्हणाले. मृण्मयीताई, आईने आपला प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. तिलाही तो नियम पटला नाही, पण ती येणार आहे.

दोन गोष्टी अजून विचारतो. तालमीत सराव पाहायला जाण्याची रीत काय, आणि तेथील वस्तादांना भेट म्हणून कोल्हापूरहून काही नेले तर ते योग्य दिसेल का? तसेच व्हिसासाठी किती आधी हालचाल करावी?

सुमिदाकाठ यांचे उत्तर

तालमीला येथे ‘हेया’ आणि वस्तादांना ‘ओयाकाता’ म्हणतात. वस्ताद स्वतः निवृत्त मल्ल असतात आणि मल्ल त्यांच्याच छताखाली राहतात. सर्व तालमी पाहुणे घेत नाहीत. ज्या घेतात, त्यांना आधी जपानी भाषेत दूरध्वनी करून विचारावे लागते आणि आदल्या दिवशी पुन्हा खात्री करावी लागते. हे काम मी आनंदाने करीन. स्पर्धा सुरू असताना सराव हलका असतो, कारण मल्लांना अंग राखायचे असते. बान्झुके, म्हणजे पंचांनी बारीक ठाशीव अक्षरांत हाताने लिहिलेली क्रमवारी, स्पर्धेच्या तेरा दिवस आधी, सोमवारी प्रसिद्ध होते; त्या दिवसापासून स्पर्धा सुरू होईपर्यंतचा काळ सरावासाठी सर्वांत जोरकस असतो. म्हणून आपण स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी पोहोचावे असे सुचवतो. पहिल्या दिवसाच्या आदल्या सकाळी, शनिवारी, कोकुगिकानमध्ये रिंगणपूजा होते. नव्या मातीच्या रिंगणाच्या मध्यभागी मीठ, तांदूळ, वाळवलेले कटलफिश, समुद्रशेवाळ, चेस्टनट अशा वस्तू पुरतात. ही पूजा लोकांना विनामूल्य पाहता येते आणि आईंना ती आवडेल याची मला खात्री आहे.

सरावाच्या वेळी उंच लाकडी ओट्यावर बसावे लागते. बोलायचे नाही, खायचे-प्यायचे नाही, पाय पसरून तळवे रिंगणाकडे करायचे नाहीत, आणि मध्येच उठून जायचे नाही. आबांच्या गुडघ्यांविषयी मी आधीच सांगून ठेवीन. वयस्क माणसासाठी भिंतीला टेकून बसायची सोय बहुधा होते. तालमीत गेल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसतील त्या बैठकांऐवजी ‘शिको’ : एक पाय बाजूला कानापर्यंत उंच नेऊन, क्षणभर थांबून, जमिनीवर आपटणे, शेकडो वेळा. मग खांबावर तळहातांचे आघात. मग पाय जमिनीवरून न उचलता घासत पुढे सरकणे. आणि शेवटी जो दमला आहे त्यालाच वरिष्ठ मल्ल छाती पुढे करून ढकलायला लावतो, तो कोसळला की मातीत लोळवतो, आणि पुन्हा उठवतो. पाठीला माती, डोळ्यांत घाम, तोंडातून शब्द नाही. आबा हे पाहून काही बोलू पाहतील. त्यांना सराव संपेपर्यंत थांबायला सांगावे. संपल्यावर ओयाकातांशी बोलण्याची संधी मिळाली तर मी दुभाषा म्हणून असेन. हाकुहो हा मंगोलियातून आलेला योकोझुना ४५ अजिंक्यपदे मिळवून गेला. त्याचे वडील जिगजिदीन मोन्खबात यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे रौप्यपदक मिळवले होते. त्यामुळे एका कुस्तीतला माणूस दुसऱ्या कुस्तीकडे कसा पाहतो याचे कुतूहल येथील तालमींना नवे नाही.

भेटीविषयी : रिकाम्या हाताने जाऊ नये, ही रीत येथेही आहे. कोल्हापुरी गुळाची छोटी ढेप किंवा काजू उत्तम. नीट बांधलेले, मोठ्या पंक्तीत वाटता येईल असे काही असावे, आणि दोन्ही हातांनी द्यावे. पैसे देऊ नयेत. तालमीने शुल्क सांगितले असेल तर ते वेगळे, कोऱ्या लिफाफ्यात.

व्हिसा : भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी तो लागतो. एप्रिल २०२४ पासून एकदाच प्रवेश देणारा ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हिसा केंद्रामार्फत करायचा असतो. विमानाचे आरक्षण, राहण्याची जागा, दिवसवार कार्यक्रम, बँकेची कागदपत्रे आणि प्राप्तिकर विवरणपत्र तयार ठेवावे. दोन महिने हाताशी ठेवून सुरुवात केलीत तर धावपळ होणार नाही. राहण्यासाठी र्‍योगोकू, असाकुसाबाशी किंवा अकिहाबारा या तीन स्थानकांच्या परिसरातली जागा पाहावी, म्हणजे दुपारी आईंना थोडे पडावेसे वाटले तर एक जण त्यांना खोलीवर पोहोचवू शकेल. सभागृहात पुन्हा प्रवेश कोणत्या अटीवर मिळतो ते त्या दिवशी दारावरच विचारून घ्यावे.

मेच्या स्पर्धेची तिकीटविक्री कधी उघडते ते जाहीर झाले की तारीख आणि भारतीय वेळ येथेच लिहीन. पहिल्या आठवड्यातले मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन सलग दिवस मागावेत असे मला वाटते. आबांना ते जमतील का, एवढे कळवावे.